तहरीरचा निरोप कोणी पोहोचवला?

२०११ साली इजिप्तमध्ये जे घडले त्याला जगभरच्या वृत्तपत्रांनी 'फेसबुक क्रांती' असे नाव देऊन टाकले. नाव सुटसुटीत होते, त्यामुळे ते चिकटले. २५ जानेवारी ते ११ फेब्रुवारी, अवघे अठरा दिवस. आणि १९८१ पासून सत्तेवर घट्ट बसलेले होस्नी मुबारक पायउतार झाले. दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या जगाला वाटले, जुलमी सत्तेवर आता अक्सीर इलाज सापडला. प्रत्येकाच्या हातात फोन आला की हुकूमशहा आपोआप गाशा गुंडाळतील.

त्याला आता बरीच वर्षे उलटली. इजिप्तमध्ये पुन्हा लष्कराच्या पठडीतली राजवट आली, चौकात जमलेले कित्येक तरुण तुरुंगात गेले, कित्येक देशोधडीला लागले. तेव्हाचा उत्साह ओसरला आहे आणि नंतरची निराशाही जुनी झाली आहे. म्हणूनच ही हकिकत आता इतिहास म्हणून शांतपणे वाचता येते. आम्हाला त्यात तीन प्रश्न महत्त्वाचे वाटतात. लोकांपर्यंत निरोप नेमका कोणी पोहोचवला? कोणावर भरवसा ठेवून माणसे घराबाहेर पडली? आणि हाती आलेले यश निसटले कसे? ज्याच्या ज्याच्या खिशात फोन आहे, त्या प्रत्येकाचे हे प्रश्न आहेत.

निरोपाची जुनी साधने

नव्या साधनाचे नवल वाटते तेव्हा जुन्या साधनांकडे एकदा वळून पाहावे. १८९० साली इराणच्या नासिरुद्दीन शहाने देशातल्या तंबाखूचा सगळा व्यवहार एका ब्रिटिश इसमाच्या हवाली केला. शेतकरी, व्यापारी, उलेमा सगळेच बिथरले. डिसेंबर १८९१ मध्ये इराकमधल्या सामर्रा येथील मिर्झा शिराझी यांच्या नावाने तंबाखू वर्ज्य ठरवणारा फतवा निघाला आणि लोकांनी हुक्के बाजूला ठेवले. शहाच्या जनानखान्यातही हुक्का पेटेना. जानेवारी १८९२ मध्ये शहाला करार मोडावा लागला. या लढ्यात शहराशहरांतल्या उलेमांना आणि व्यापाऱ्यांना जोडणारे साधन होते तारयंत्र. सत्तेने स्वतःच्या सोयीसाठी टाकलेल्या तारा सत्तेच्याच विरोधात बोलू लागल्या.

खुद्द इजिप्तचा दाखला आणखी बोलका आहे. पहिले महायुद्ध संपताच नोव्हेंबर १९१८ मध्ये साद झगलूल आणि त्यांचे सहकारी ब्रिटिश अधिकाऱ्याकडे स्वातंत्र्याची मागणी घेऊन गेले. तुम्ही कोणाचे प्रतिनिधी, असा प्रश्न पुढे आला. तेव्हा गावोगाव मुखत्यारपत्राचे छापील कागद फिरले आणि लोकांनी त्यावर सह्या केल्या. ८ मार्च १९१९ रोजी झगलूल यांना पकडून माल्टाला धाडण्यात आले आणि देश पेटला. विद्यार्थी रस्त्यावर आले, हुदा शारावी यांच्यासारख्या स्त्रिया मोर्चात उतरल्या, अल-अझहरच्या मिंबरवरून एक कॉप्टिक ख्रिस्ती धर्मगुरू बोलला. खेड्यापाड्यांत लोकांनी रेल्वेचे रूळ उखडले आणि तारा तोडल्या, कारण त्या तारांवरून जाणारा निरोप इंग्रजांचा होता.

हे वाक्य आम्ही मुद्दाम लिहितो आहोत. १९१९ मध्ये तारा लोकांनी तोडल्या. २०११ मध्ये त्या सरकारने तोडल्या. मधल्या ९२ वर्षांत संपर्काचे साधन कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेले, ते एवढ्यावरून कळते.

या दोन्हींच्या मध्ये इराणच्या १९७८-७९ च्या कॅसेट येतात. आयतुल्ला खोमेनी पॅरिसजवळच्या एका खेड्यातून बोलत, ते बोलणे टेलिफोनवरून तेहरानला ध्वनिमुद्रित होई आणि कॅसेटच्या प्रती बाजारातून, मशिदीतून घरोघर पोहोचत. तार, कागद, कॅसेट. साधन दर वेळी बदलले. निरोप नेणारी माणसे मात्र दर वेळी आधीपासून एकमेकांना ओळखणारी होती. पेढीवरचा व्यापारी, गावचा प्रतिष्ठित, मशिदीचा इमाम, कॉलेजातला मित्र. निरोपाला पाय या माणसांचे होते.

महल्लाच्या गिरण्या

कैरोच्या उत्तरेला नाईलच्या त्रिभुज प्रदेशात महल्ला अल-कुब्रा हे गिरण्यांचे शहर आहे. इथली मिस्र सूत व कापड गिरणी १९२७ साली तलअत हर्ब यांच्या बँक मिस्रने काढली. परक्यांच्या भांडवलाला देशी उत्तर म्हणून. लालबाग-परळ माहीत असलेल्या मराठी वाचकाला महल्ला फारसे समजावून सांगावे लागत नाही. डिसेंबर २००६ मध्ये कबूल केलेला दोन महिन्यांच्या पगाराइतका बोनस मिळाला नाही म्हणून इथल्या वीस हजारांहून अधिक कामगारांनी काम बंद केले. पहिल्यांदा यंत्रे थांबवली ती बायकांनी, आणि मग त्यांनी पुरुषांना हाक घातली. सरकारला नमते घ्यावे लागले. त्यानंतर देशभर संपांची लाटच आली.

याच कामगारांनी ६ एप्रिल २००८ ला पुन्हा संपाची हाक दिली, तेव्हा कैरोतल्या काही तरुणांनी त्यांना पाठिंबा म्हणून फेसबुकवर एक गट काढला. इस्रा अब्देल फत्ताह आणि अहमद माहेर ही त्यांतली पुढे आलेली नावे. पाहता पाहता सत्तर हजारांच्या आसपास लोक त्या गटात सामील झाले. ज्या देशात आणीबाणीचा कायदा १९८१ पासून उठलेला नव्हता आणि पाच माणसे एकत्र उभी राहिली तरी पोलीस हटकत, तिथे सत्तर हजारांनी आपले नाव उघड लावणे ही लहान गोष्ट नव्हती. त्या दिवशी पोलिसांनी गिरणीचा ताबा घेतल्याने संप होऊ शकला नाही. पण पावाच्या महागाईने गांजलेले महल्लाचे लोक रस्त्यावर आले आणि त्यांनी मुबारक यांचे भले मोठे चित्र खाली ओढून पायदळी तुडवले. इस्रा यांना अटक झाली. त्या तरुणांची '६ एप्रिल चळवळ' इथेच जन्माला आली.

आता याची दुसरी बाजू पाहा. महिनाभराच्या आतच, ४ मे २००८ रोजी, मुबारक यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी पुन्हा संप करावा अशी हाक फेसबुकवरून गेली. गट तोच, माणसे तीच, साधनही तेच. दरम्यान सरकारने सरकारी नोकरांना तीस टक्के पगारवाढ जाहीर केली होती. ४ मे उजाडला आणि मावळला. काहीही घडले नाही. एप्रिलच्या हाकेमागे महल्लाचे कामगार होते, मेच्या हाकेमागे नुसती हाक होती. साधनाचे मोल ठरवायला याहून चांगली परीक्षा इतिहासाने क्वचितच घेतली असेल.

एका चेहऱ्याची गोष्ट

६ जून २०१० रोजी अलेक्झांड्रियात खालिद सईद या २८ वर्षांच्या तरुणाला दोन पोलिसांनी एका इंटरनेट कॅफेतून ओढून बाहेर काढले आणि शेजारच्या इमारतीच्या दारात मरेपर्यंत मारले. अमली पदार्थाची पुडी गिळताना गुदमरून मेला, असे पोलिसांनी जाहीर केले. पण शवागारात घरच्यांनी फोनवर त्याच्या चेहऱ्याचे छायाचित्र घेतले होते. मोडलेला जबडा, फाटलेला ओठ. शेजारी त्याचाच हसरा, नीटनेटका फोटो. ही दोन छायाचित्रे जोडीने फिरू लागली आणि सरकारी खुलाशाला काही अर्थच उरला नाही.

दुबईत गूगल कंपनीत नोकरी करणारे वाएल घोनिम यांनी नाव न सांगता फेसबुकवर एक पान उघडले: 'कुल्लना खालिद सईद', आम्ही सगळे खालिद सईद. पान चालवणारा खालिदच्या तोंडून बोले, पुस्तकी अरबीत नव्हे तर रोजच्या इजिप्शियन बोलीत. पहिला कार्यक्रमही साधा होता. काळे कपडे घालून समुद्रकिनारी किंवा नाईलच्या काठाने, रस्त्याकडे पाठ करून, एकमेकांत अंतर ठेवून तासभर मुकाट उभे राहायचे. कोणी कुराण वाचे, कोणी बायबल. जमाव नाही, घोषणा नाही. पोलिसांनी पकडायचे तरी कशासाठी? भीती घालवण्याची ही तालीम होती. महिनोन्‌महिने चाललेली ही तालीम 'फेसबुक क्रांती' म्हणणाऱ्यांच्या ध्यानात सहसा राहत नाही.

याच काळातली आणखी एक घटना नोंदवण्याजोगी आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये, संसदेची निवडणूक तोंडावर असताना, हे पान एकाएकी नाहीसे झाले. सरकारने ते बंद केले नव्हते; कंपनीनेच केले होते, कारण चालवणाऱ्याने खरे नाव लावलेले नव्हते. परदेशातल्या एका इजिप्शियन स्त्रीने आपले नाव दिल्यावर ते परत आले. भिंत आपली आहे असे समजून आपण लिहीत असतो, पण तिचा घरमालक दुसराच असतो. इजिप्तच्या तरुणांना हे क्रांतीच्या आधीच कळून चुकले होते.

न छापलेला पत्ता

१७ डिसेंबर २०१० रोजी ट्युनिशियातल्या सिदी बूझिद गावी मोहम्मद बूअझीझी या हातगाडीवाल्याने अपमान असह्य होऊन स्वतःला पेटवून घेतले. १४ जानेवारी २०११ ला तिथला हुकूमशहा बेन अली देश सोडून पळाला. मग इजिप्तच्या तरुणांनी २५ जानेवारीचा दिवस निवडला. १९५२ साली याच तारखेला इस्माइलियात ब्रिटिश फौजेशी लढताना पन्नासएक इजिप्शियन पोलीस मारले गेले होते, म्हणून तो 'पोलीस दिन' मानला जाई. शहीद पोलिसांच्या दिवशी जुलमी पोलिसांना जाब विचारायचा, हा त्यातला मर्मभेद.

निदर्शनांच्या वीस जागा इंटरनेटवर जाहीर झाल्या. पोलीसही इंटरनेट वाचत होते. ते त्या वीसही जागी आधीच जाऊन उभे राहिले. पण संयोजकांनी एकविसावी जागा कुठेच लिहिली नव्हती. ती होती बुलाक अल-दक्रूर या कष्टकऱ्यांच्या वस्तीतल्या एका मिठाईच्या दुकानाजवळ. तिथला निरोप तोंडोतोंडी गेला होता. गल्लीबोळांतून निघालेला हा मोर्चा पोलिसांची फळी आडवी नसल्याने फुगत गेला आणि तहरीर चौकापर्यंत जाऊन धडकला. जगाने ज्याला फेसबुकचा विजय म्हटले, त्या पहिल्या दिवशीची निर्णायक चाल फेसबुकवर नसल्यामुळेच यशस्वी झाली होती.

सरकारने आधी ट्विटर अडवले, मग फेसबुक. २७ जानेवारीची मध्यरात्र उलटताच एकेका कंपनीचे दार लावत जवळजवळ सगळ्या देशाचे इंटरनेटच बंद केले. नूर नावाची एक कंपनी तेवढी आणखी काही दिवस चालू राहिली. तिच्या गिऱ्हाइकांत शेअर बाजार होता. २८ तारखेला मोबाइल फोनही मुके झाले. संघटनेने नंतर अंदाज केला की त्या पाच दिवसांच्या बंदीने देशाचे किमान नऊ कोटी डॉलरचे नुकसान झाले. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेचा, म्हणजे 'ओईसीडी'चा, हा हिशेब आहे.

पण २८ जानेवारी हा जुम्म्याचा दिवस होता. इंटरनेट तोडता येते, जुम्मा तोडता येत नाही. नमाज आटोपून लोक मशिदींतून बाहेर पडले ते तसेच मोर्चे होऊन. ज्यांना घरबसल्या पडद्यावर बातमी पाहायची होती, तेही आता बातमी शोधत रस्त्यावर आले. मुलगा कुठे आहे हे फोनवर कळेना म्हणून आईबाप त्याला शोधायला निघाले. कस्र अल-नील पुलावर नमाजेत उभ्या असलेल्या रांगांवर पाण्याचे फवारे सोडले गेले, आणि रांगा मोडल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत पोलीस माघारी गेले होते. येल विद्यापीठातील नाविद हसनपूर या अभ्यासकाने पुढे असे मांडले की संपर्क तोडल्यामुळे आंदोलन शमले नाही, उलट एका चौकातून ते अनेक वस्त्यांत पसरले. सरकारने लोकांना एकमेकांशी समोरासमोर बोलायला भाग पाडले होते.

चौकातली पुढची दृश्ये जगाने पाहिली. महिनाभरापूर्वी, १ जानेवारीला, अलेक्झांड्रियाच्या चर्चबाहेर स्फोट होऊन वीसहून अधिक कॉप्टिक ख्रिस्ती मारले गेले होते. त्यानंतर नाताळच्या त्यांच्या रात्री मुसलमान शेजारी चर्चमध्ये जाऊन त्यांच्यासोबत बसले होते. आता तहरीरमध्ये मुसलमान नमाजेला उभे राहिले तेव्हा ख्रिस्ती तरुणांनी हात गुंफून त्यांच्याभोवती कडे केले. १९१९ चा चाँद आणि क्रूस एकत्र आलेला झेंडा नव्या पिढीला पुस्तकात शोधावा लागला नाही.

आकडे काय सांगतात

झैनेप तुफेक्ची आणि ख्रिस्तोफर विल्सन या अभ्यासकांनी तहरीरमध्ये सामील झालेल्या सुमारे एक हजार पन्नास लोकांना विचारले, निदर्शनांची बातमी तुम्हाला पहिल्यांदा कशी कळली? जवळजवळ निम्मे म्हणाले, कोणीतरी समोर येऊन सांगितले. अठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास लोकांनी फेसबुकचे नाव घेतले. दूरचित्रवाणी बरीच मागे होती. म्हणजे फेसबुकचा वाटा खोटा नव्हता, लहानही नव्हता. त्या काळी देशातली फार मोठी जनता फेसबुकवर नव्हती, हे लक्षात घेतले तर तो अधिकच मोठा वाटतो. पण एकाने पडद्यावर वाचले, त्याने दुसऱ्याला टॅक्सीत सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्याला कॉफीच्या दुकानात. पडद्याने ठिणगी दिली असेल. ती जळती ठेवली ती माणसांच्या तोंडांनी.

आणि या ठिणगीची किंमतही विसरून चालणार नाही. सरकारी चौकशी समितीनेच मान्य केले की त्या अठरा दिवसांत किमान ८४६ माणसे मारली गेली.

नंतर

११ फेब्रुवारीला मुबारक गेले आणि सत्ता लष्करी मंडळाकडे आली. या मंडळाने केलेली एक गोष्ट फार सूचक आहे: त्यांनीही फेसबुकवर आपले पान उघडले आणि जाहीरनामे तिथे लावायला सुरुवात केली. साधन कोणाचे मिंधे नसते. ९ ऑक्टोबर २०११ रोजी कैरोत मास्पेरो इथे कॉप्टिक निदर्शकांवर लष्कराने गाड्या घातल्या, वीसहून अधिक माणसे मेली. त्या रात्री सरकारी दूरचित्रवाणी लोकांना सांगत होती, लष्कराच्या रक्षणासाठी बाहेर पडा. फेब्रुवारीत हात गुंफून उभ्या राहिलेल्या लोकांना आठ महिन्यांत एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा हा प्रयत्न होता.

२०१२ मध्ये मोहम्मद मोर्सी निवडून आले. ३ जुलै २०१३ रोजी लष्कराने त्यांना हटवले. १४ ऑगस्टला रबा चौकात त्यांच्या समर्थकांचा तळ उधळताना किमान ८१७ माणसे मारली गेली, असे 'ह्यूमन राइट्स वॉच'ने नोंदवले आहे. मुबारकना घालवायला अठरा दिवसांत मेलेल्यांच्या जवळपास तेवढीच माणसे एका दिवसात गेली. आणि आम्हाला सर्वांत अस्वस्थ करते ते हे की त्या वेळी त्याच फेसबुकवर या मृत्यूंचे समर्थन करणारेही कमी नव्हते. 'आम्ही सगळे' या शब्दांतले 'आम्ही' तोवर फुटले होते. मग निदर्शनांवर कायद्याने बंधने आली, अहमद माहेर तुरुंगात गेले, २०१४ मध्ये ६ एप्रिल चळवळीवर बंदी आली. २०१८ च्या कायद्याने पाच हजारांहून अधिक अनुयायी असलेल्या व्यक्तीच्या खात्यालाही वृत्तमाध्यमाप्रमाणे सरकारी नियंत्रणाखाली आणले. ब्लॉगलेखक अला अब्देल फत्ताह यांची बहुतेक वर्षे कोठडीत गेली. त्यांची सुटका २०२५ च्या सप्टेंबरात झाली. खुद्द वाएल घोनिम यांनी २०१५ मध्ये जाहीर भाषणात कबूल केले की समाज मुक्त करायला इंटरनेट पुरेसे आहे ही आपली समजूत खरी ठरली नाही. ज्या साधनाने आम्हाला जोडले त्यानेच नंतर फोडले.

आम्हाला यातून जे दिसते ते असे. एका रात्रीत लाखोंना बोलावणे नव्या साधनाने सोपे केले. पण बोलावणे आणि बांधणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९१९ मध्ये सह्यांचे कागद गावोगाव फिरवताना कार्यकर्त्याला प्रत्येक उंबऱ्यावर थांबावे लागले, विरोध ऐकावा लागला, समजूत घालावी लागली. त्या कष्टातून वफ्द हा पक्ष उभा राहिला आणि पुढे तीन दशके टिकला. २०११ च्या तरुणांना ते कष्ट पडले नाहीत, म्हणून मुबारक गेल्यावर वाटाघाटीच्या मेजावर त्यांच्या बाजूने बसणारे कोणी नव्हते. लष्कराकडे संघटना होती, इख्वानकडे संघटना होती. चौकाकडे फक्त चौक होता. यात त्या तरुणांच्या धैर्याला कमीपणा नाही. जीव त्यांनीच पणाला लावला होता.

मग या साधनाचे टिकाऊ देणे काय? आमच्या मते, साक्ष. शवागारातले ते छायाचित्र नसते तर खालिद सईद पोलिसांच्या कागदात पुडी गिळून मेलेला तरुण म्हणूनच राहिला असता. ते होते म्हणून त्याला मारणाऱ्या दोन पोलिसांना अखेर शिक्षा झाली. तहरीर चौकाचे रूप सरकारने २०२० पर्यंत बदलून टाकले, मधोमध फराओच्या काळचा स्तंभ आणून उभा केला. तिथे अठरा दिवस काय घडले, याची खूण त्या दगडांवर नाही. पण 'मोसिरीन' या गटाने लोकांच्या कॅमेऱ्यांतले ८५८ तासांचे चित्रण गोळा करून २०१८ मध्ये सर्वांसाठी खुले केले. जिंकलेल्यांचा इतिहास सरकारी दप्तरात राहतो. हरलेल्यांचा यापूर्वी बहुधा आठवणीत राहत असे आणि आठवणाऱ्यांबरोबर जात असे. इजिप्तमधल्या हरलेल्यांचा इतिहास मात्र तासागणिक नोंदला गेला आहे. उद्या कोणी तो लिहायला बसेल, तेव्हा त्याला साक्षीदार शोधत हिंडावे लागणार नाही.